नणंदेचं अंदाजपत्रक

थळ, ता. अलिबाग
१७ ऑगस्ट २०२३

चि. क्रांतीस,
अनेक आशीर्वाद व सप्रेम जयभीम.

पत्र बघून हसशील. घरात दोन-दोन मोबाईल असताना ताईंना पेन का आठवलं, म्हणशील. पण फोनवर बोलायची सोय नाही, हे तुलाही ठाऊक आहे. तुझा फोन स्पीकरवर, शेजारी आई, आईच्या शेजारी सखुबाई, आणि सखुबाईच्या पोटात काही राहत नाही. शिवाय मागच्या खेपेला तूच कुरकुरत होतीस की तुझ्या डाकघरात पेन्शन आणि आधारशिवाय कामच उरलं नाही, साध्या पत्रांचा रकाना कोरा जातो आणि तपासणीला आलेले साहेब चिडवतात. तर घे. आता तो रकाना मी भरणार.

गेल्या रविवारी तू भाकऱ्या थापता थापता, तव्यावरची नजरही न काढता, मी वाढवीन की ताई तुमचं बाळ माझ्या पोटात, असं म्हणालीस आणि मी उठून परसात गेले. तुला वाटलं असेल, नणंद रागावली. राग नव्हता गं. दोन हजार एकोणीसला पाचव्या महिन्यात सगळं गेलं, माझा जीव वाचवायला डॉक्टरांनी गर्भपिशवीही काढली, तेव्हा अकरा दिवस माझ्या उशाशी तूच होतीस. त्यानंतर घरात या विषयावर कुणी तोंड उघडत नव्हतं. तू चार वर्षांनी उघडलंस.

आता कामाचं. डॉक्टरबाई म्हणतात, बीज आमचं दोघांचं, कूस फक्त तुझी, आणि कायद्यात बसवून सगळं करता येतं. सुजित तर इतका उतावीळ झालाय की शिफ्टवरून आला की जेवणाआधी कॅल्क्युलेटर मागतो. मी पतसंस्थेत चौदा वर्षं हिशेब लिहितेय, त्यामुळे अंदाजपत्रक सोबत जोडलंय. दवाखाना, इंजेक्शनं, तुझा तीन वर्षांचा विमा, वकील, कोर्ट, गाडीभाडं, आणि किरकोळ पाच हजार. शेवटी तुझ्या नावे सव्वा लाख. एकूण नऊ लाख चाळीस हजार. आमची मुदतठेव, सुजितचा पीएफ आणि माझं कर्ज मिळून जमा होतात तेही बरोबर तेवढेच.

पण पुन्हा एकदा विचार कर. कुलदीपला एकांतात विचार. माझा भाऊ लहानपणापासून समोरच्याला हो म्हणणारा आहे, त्याचं नाही हे चेहऱ्यावर वाचावं लागतं. आईचाही कानोसा घे. मनालीला गोड पापा.

लोभ आहेच, तो असाच ठेव.
तुझी,
नूतनताई

❖

मु. पो. कोंडवाडी, ता. श्रीवर्धन
२६ ऑगस्ट २०२३

ती. ताईंस,
सा. न. वि. वि. व जयभीम.

तुमचं पत्र आलं. थैली मी फोडली, तारखेचा शिक्का मी मारला आणि पत्र मलाच पोचतं केलं. इतकी चोख सेवा तुम्हाला कुठं मिळणार नाही.

अंदाजपत्रक वाचलं. किरकोळ पाच हजार वाचून मात्र ठसका लागला. ताई, आमच्या लग्नात मंडपवाला किरकोळमध्येच धरला होता, आठवतंय ना? आणि ते माझ्या नावचे सव्वा लाख आधी खोडा. मला राग आला, खरंच आला. मी काही भाड्याची खोली नाही. दुसरं म्हणजे मी कायदा वाचून काढलाय. जी बाई पोटात बाळ वाढवते तिला औषधपाणी, विमा, दवाखाना एवढंच मिळतं, वर हातावर पैसे ठेवले तर गुन्हा. म्हणजे तुम्ही मला सव्वा लाख दिलेत की आपण नणंद-भावजय एकाच कोठडीत. तिथंही तुम्ही भिंतीवर हिशेब मांडाल.

यांना एकांतात विचारलं. दोन दिवस बांधावर जाऊन बसले. तिसऱ्या दिवशी विचारलं की नऊ महिने भात कोण शिजवणार. मी म्हटलं तुम्ही. मग म्हणाले, ताईसाठी शिजवीन. चेहराही वाचला, तोही होच म्हणत होता. सासूबाईंना गावाला काय सांगायचं म्हणून विचारलं, तर म्हणाल्या, काय व्हय ते खरं सांगायचा, खोटा सांगितला तर ध्यानात ठेवाय लागतंय, माझा आता वय न्हाय.

मी का करतेय, असं तुम्ही विचाराल म्हणून आधीच सांगते. मला मनाली झाली तेव्हा फार सोपं गेलं. एवढं सोपं की आपल्याकडे एक गोष्ट जास्तीची आहे, असं मला तुमच्या उशाशी बसून वाटायचं. तांदूळ जास्त झाले की शेजारी देतोच ना आपण. यापेक्षा मोठं कारण माझ्याकडे नाही.

दाजींना जयभीम आणि कॅल्क्युलेटरला नमस्कार. माया असू द्या.
आपली,
क्रांती

❖

थळ
१० जानेवारी २०२४

चि. क्रांतीस,
अनेक आशीर्वाद व जयभीम.

तू जाऊन चारच दिवस झाले, पण घर एकदम मुकं झालंय. दाढ कशी आहे? मुंबईच्या दवाखान्यात तुझी डोक्यापासून पायापर्यंत तपासणी झाली. रक्त ठणठणीत, कूस ठणठणीत, मन तर इतकं ठणठणीत की समुपदेशक बाई सांगत होत्या, अर्धा तास तूच त्यांना सुनेशी कसं वागावं ते शिकवलंस. आणि दाढ मात्र किडकी! आधी रूट कॅनल, मग पुढचं. साडेसात हजार. मी अंदाजपत्रकात सगळं शरीर धरलं होतं, दात धरले नव्हते.

त्यात तुमच्या लग्नाचा कागद. समाजमंदिरात चारशे माणूस जेवलं, पण सरकारदरबारी नोंद नाही. बारा वर्षांनी तुम्ही दोघं तालुक्याला जाऊन सह्या करून आलात आणि कुलदीपने त्यासाठी नवा शर्ट शिवला. शर्टाचे पैसे तो माझ्याकडे मागत होता, मी कायद्याकडे बोट दाखवलं. विम्याचा हप्ता दिपेश एजंटने सांगितला होता त्याच्या तिप्पट निघाला. तो म्हणे, मॅडम, मी साध्या बाळंतपणाचा सांगितला होता. तुझ्या सव्वा लाखांतले निम्मे असेच गेले. बरं झालं खोडायला लावलेस.

आता जे लिहिते त्याने घाबरू नकोस. आपल्या वकील किशोरीताई कागद लावत होत्या. तुझा शाळेचा दाखला बघून त्यांनी चष्मा काढला. त्यावर जन्मतारीख एक जून एकोणीसशे एकोणनव्वद आहे. गर्भ ठेवायच्या दिवशी बाईचं वय पस्तीसच्या आतलं हवं, तेव्हा तारीख उलटायच्या आत उरकून घ्या, मागाहून वाद नको, असं त्या म्हणाल्या. म्हणजे आपल्याला एकतीस मेपर्यंतच वेळ आहे. मी आजवर तुझा वाढदिवस कोजागिरीच्या आसपास धरत आलेय. हे एक जून कुठून आलं?

परवानगीचे कागद फेब्रुवारीअखेर हातात येतील, मार्चमध्ये पहिला प्रयत्न. माझी झोप उडालीय, पण हिशेब लिहायला बसले की येते.

लोभ असावा आणि दाढेत लवंग असावी.
तुझी,
नूतनताई

❖

कोंडवाडी
१९ जानेवारी २०२४

ती. ताईंस,
सा. न. वि. वि.

दाढ शांत आहे, जीभ चालू आहे. काळजी नसावी.

एक जूनचं कोडं सोपं आहे. आमच्या वर्गात सव्वीस पोरं होती आणि सव्वीसच्या सव्वीस एक जूनला जन्मली होती. पहिलीत नाव घालायला माझे बाबा मला घेऊन गेले, तर गुरुजींनी विचारलं, पोर कधीची. बाबा म्हणाले, कापणीतली, हिची आय भारा टाकून घरी आली आणि ही झाली. आता सरकारी हजेरीत भाऱ्याची तारीख कशी लिहायची? गुरुजींनी सगळ्यांची जी लिहिली तीच माझी लिहिली. शाळा सहा वर्षांशिवाय घेत नसे, म्हणून मला पाच महिने आधीच जन्माला घातलं. गुरुजी देवमाणूस होते, पण तेवढे पाच महिने आज मला त्यांच्याकडून परत हवे होते.

तारीख दुरुस्त करावी, असं यांच्या मनात आलं. पण डाकघराची नोकरी, आधार, बँक, सगळं त्याच तारखेवर उभं आहे. एक वीट काढली तर भिंत अंगावर यायची. आणि वर्षभर कोर्टात जाईल तो खर्च निराळा, साक्षीला तो भारा कुठून आणणार? तेव्हा एकतीस मेपर्यंत मी तरुण आहे, तोवर काय ते उरकून घ्या.

सखुबाईला कळलं. पेन्शन घ्यायला आली आणि अंगठा लावता लावता म्हणाली, मशीन लावून पोर होतंय म्हणं? मी म्हटलं, तुमची पेन्शन नाही का मशीनवर अंगठा लावून येत, तसंच. तेव्हापासून ती गावभर हेच सांगत फिरते आणि लोकांना ते पटलंय.

माझ्या मागे डाकघर सांभाळायला बदली माणूस मलाच द्यायचा आहे. चुलतभाऊ सदा तयार आहे. मी मार्चमध्ये पंधरा दिवस थळला राहायला येते. मला नुसतं निजवून ठेवलंत तर मी बडबड करीन, आधीच सांगते.

दाजींना जयभीम. आपली माया आहे म्हणून हा आगाऊपणा.
आपली,
क्रांती

❖

थळ
१६ एप्रिल २०२४

चि. क्रांतीस,
अनेक आशीर्वाद.

तिकडे जयंती कशी झाली? मनाली मिरवणुकीत नाचली म्हणे, कुलदीपने व्हिडिओ पाठवला. मी इथल्या समाजमंदिरात जाऊन आले, पण लवकर घरी आले. बायका विचारतात गं. प्रेमानेच विचारतात.

जे तुझ्यासमोर बोलता आलं नाही ते लिहिते. गर्भ रुजला नाही, असा रिपोर्टचा कागद आला त्या दिवशी मी तुला काही नाही गं, होतं असं, म्हणाले. होतं असं, हे खरंच आहे, डॉक्टरबाईही तेच म्हणाल्या. पण तू गेल्यावर मी वही काढली. पहिल्या वेळी माझ्या इंजेक्शनांचा डोस वाढवावा लागला होता. मग विमा. मग तुझ्यासाठी एसटी नको, गाडीच हवी, प्रत्येक फेरीला सात हजार. मग दवाखान्याने गर्भ गोठवून ठेवायचं भाडं लावलं, ते कुठल्याच पत्रकात नव्हतं. शिल्लक अकरा हजार दोनशे. दोन गर्भ अजून गोठवलेले आहेत, पण पुन्हा ठेवायचे तर एक लाख तीस हजार लागतील, आणि एकतीस मे दीड महिन्यावर आलाय. पतसंस्थेत मला दुसरं कर्ज बसत नाही, नियम मीच लोकांना सांगते. सुजित मोटारसायकल विकतो म्हणाला. ती विकून पंचवीस येतील आणि तो शिफ्टला चालत जाईल. मी नको म्हटलं.

तेव्हा मी वही बंद केली. तू अठ्ठावीस इंजेक्शनं घेतलीस, तुझ्या कमरेवर काळेनिळे डाग मी पाहिलेत. कुणा भावजयीने एवढं केलं नसेल. एकतीस मे येईल आणि जाईल. मला वाईट वाटतंय, खूप वाटतंय, पण मी सावरीन. तू मनाला लावून घेऊ नकोस, तुझ्या कुशीचा यात काही दोष नाही.

लोभ कमी होऊ देऊ नकोस.
तुझी,
नूतनताई

❖

कोंडवाडी
२० एप्रिल २०२४

ती. ताईंस,
सा. न. वि. वि.

पत्र वाचलं आणि मला तुमच्याशी भांडायचं आहे, म्हणून आज विचारपूस वगैरे काही नाही.

माझं पाच वर्षांचं आर. डी. होतं. माझ्याच डाकघरात, महिना दोन हजार. मार्चमध्ये पिकलं. एक लाख एकोणचाळीस हजार आणि काही. मागच्या पडवीला संडास-बाथरूम जोडून एक खोली काढायची, श्रीवर्धनला जागा न मिळालेल्या पर्यटकांना द्यायची, असा बेत होता. तुम्हाला ठाऊक आहेच, भिंतीचा रंगसुद्धा मी ठरवून ठेवलाय. ते पैसे मी काल काढले. सोमवारी तुमच्या खात्यात येतील. पर्यटक कुठं पळून जात नाहीत, समुद्र तिथंच आहे. एक जून मात्र थांबणार नाही.

कायदा म्हणाल तर मी पुन्हा एकदा सगळा वाचला. तुम्ही मला पैसे द्यायचे नाहीत, असं त्यात चार ठिकाणी लिहिलंय. मी तुम्हाला द्यायचे नाहीत, असं एकाही ठिकाणी नाही. तसं कुणी करेल, हे दिल्लीत कुणाच्या डोक्यातच आलं नसणार. तुमच्या वहीत उसनवार म्हणून लिहा, व्याज शून्य, मुदत तुमच्या सोयीने. मला हिशेब ठेवायची गरज नाही, नणंद माझी हिशेबनीस आहे.

यांना विचारून केलंय. ते म्हणाले, खोली तुझी, पैसा तुझा, मला फक्त पुन्हा भात शिजवायचा आहे.

आता खरं सांगते. इंजेक्शनांचं मला काही नाही. पण त्या दिवशी रिपोर्ट आला तेव्हा तुम्ही स्वयंपाकघरात गेलात, माझ्यासाठी आल्याचा चहा केलात आणि माझीच समजूत काढत बसलात. बाळ तुमचं गेलं होतं ताई, आणि पाठीवरून हात माझ्या फिरवलात. तो चहा माझ्या घशाखाली अजून उतरलेला नाही. तेव्हा मला नाही म्हणू नका.

माया आहे तोवर हट्ट करणार.
आपली,
क्रांती

❖

थळ
२७ एप्रिल २०२४

चि. क्रांतीस,
अनेक आशीर्वाद व जयभीम.

पैसे आले. दोन दिवस मी तुझ्याशी मनातल्या मनात भांडले आणि दोन्ही दिवस हरले. किशोरीताईंना फोन करून सगळं सांगितलं. त्या आधी हसल्या, मग म्हणाल्या की उसनवारीचा साधा कागद करून ठेवा, त्यात काही वावगं नाही, आणि अशी भावजय मला अजून कुठल्या फायलीत भेटलेली नाही.

माझा स्वभाव तुला माहीत आहे. कुणाचं घेतलेलं मला चावतं. पण तुझे घेतले, आणि चावत नाहीयेत. सुजितने तुझं पत्र स्वतःच्या पाकिटात घडी घालून ठेवलंय, माझ्या हिशेबाच्या वहीला जोडायला हवं म्हटलं तरी देत नाही.

तारीख मिळाली. बावीस मे. तुझं सरकारी म्हातारपण दहा दिवसांवर असेल. वीस तारखेला गाडी पाठवते. कुलदीपला सांग, भात मऊ शिजव, आईला दात नाहीत.

लोभ असावा, असं तुला काय लिहायचं आता.
तुझी,
नूतनताई

❖

कोंडवाडी
६ ऑक्टोबर २०२४

ती. ताईंस,
सा. न. वि. वि. व जयभीम.

सहावा महिना लागला आणि तुमचं बाळ लाथा मारायला लागलं. मी टेबलावर शिक्का मारला की आतून उत्तर येतं. काल पन्नास पेन्शनी वाटल्या, तर त्याने पन्नास वेळा पोच दिली. पोस्टात चिकटवायला हरकत नाही.

गावाला आता सवय झाली. आशाताई नोंद करायला आल्या, रकान्यात आईचं नाव विचारलं. मी म्हटलं नूतन. त्या म्हणाल्या, मग तू कोण. मी म्हटलं मी मामी. त्यांनी पेनाचं टोपण लावलं, पाणी मागितलं, पुन्हा उघडलं. मनाली शाळेत सांगून आलीय की आमच्या आईच्या पोटात आत्याचं पार्सल आहे, पत्ता थळचा आहे. तिला रागवायला हवं होतं, पण मीच हसत सुटले.

हे भात करपवतात, पण सुकटीची चटणी फर्मास करायला लागलेत. सासूबाई रोज सकाळी पोटाला हात लावून जयभीम घालतात. परवा म्हणाल्या, ऐकतंय बेस, नूतनवानी हाय, हिशोबात लाथा मारतंय.

मीही बोलते त्याच्याशी. दुपारी डाकघरात कुणी नसलं की गावाच्या बातम्या सांगते. तुमच्याबद्दलही सांगते, घाबरू नका, चांगलंच सांगते.

दाजींना जयभीम. माया असू द्या.
आपली,
क्रांती

❖

थळ
१८ ऑक्टोबर २०२४

चि. क्रांतीस,
अनेक आशीर्वाद.

तुझं पत्र तीनदा वाचलं. पार्सलवर सुजित इतका हसला की शेजारी बघायला आले.

इकडे माझी तयारी चालू आहे. पाळणा आणला. रजेचा अर्ज दिला, साहेब माझ्या सपाट पोटाकडे बघून गोंधळले, मग कोर्टाचा कागद दाखवला. दुपटी शिवली बावीस. दूध पाजायच्या बाटल्या, पावडर, उकळायचं भांडं, सगळं ओळीत मांडून ठेवलंय. तू म्हणशील, चार महिने आधीच? मला पोट नाही गं, मग मी या वस्तूंकडेच बघत बसते.

तू त्याच्याशी बोलतेस, ते छानच. काय काय बोलतेस ते मला लिहीत जा. आणि फार गोडीगुलाबी करू नकोस हो, नाहीतर इथे आल्यावर ते माझ्या आवाजाला भीक घालणार नाही. गंमत केली. मनावर घेऊ नकोस.

गोळ्या वेळेवर घे. डाकघरात पाय वर घेऊन बस. लोभ असावा.
तुझी,
नूतनताई

❖

कोंडवाडी
२० फेब्रुवारी २०२५

ती. ताईंस,
सा. न. वि. वि.

बाळ कसं आहे? पावणेतीन किलोचं होतं, आता तीनच्या वर गेलं असेल. नाव ठरलं की कळवा. सासूबाई तिकडेच आहेत ते बरं झालं, त्यांच्या हातचं मालिश म्हणजे मूल दगडासारखं निजतं. मनालीच्या वेळी मी पाहिलंय.

मी बरी आहे. टाके सुकले. सदाला त्याच्या कामावर जायचं होतं म्हणून सोळाव्या दिवसापासून मीच डाकघरात बसते, बसूनच काम असतं. यांचा भात आता करपत नाही. उसनवारीतले तुमचे पहिले वीस हजारही आले, एवढ्यात घाई नव्हती.

एक सांगायचं होतं. रोज दोनदा बाळाचा फोटो पाठवता, तो आठवड्यातून एकदाच पाठवाल का? रागाने म्हणत नाही. तिसऱ्या दिवशी तुम्ही तिला दवाखान्यातून घेऊन गेलात, ठरलं होतं तसंच सगळं झालं, मला त्याचं काही नाही. पण दूध आटत नाही हो ताई. डॉक्टरांनी गोळ्या दिल्या, घट्ट बांधलंही, तरी येतं. फोटो उघडला की ब्लाउज भिजतो. परवा खिडकीशी माणसं उभी होती, मी पदर ओढून घेतला आणि एका म्हाताऱ्याला पाचशे जास्त दिले. त्याने आणून दिले परत.

गावात कुणी भेटायला आलं नाही. त्यांचंही चुकत नाही. पाळणा नाही, बाळ नाही, मग बाळंतिणीला बघायला म्हणून यायचं कसं, आणि काय घेऊन यायचं, ते कुणाला कळत नाही. एकट्या सखुबाईने अळिवाची खीर आणली आणि वाटी ठेवून न बोलता गेली. ती न बोलता गेली, यावरून समजा.

मला बाळ नकोय ताई, तसं मनात आणू नका. ती तुमचीच आहे, मी पहिल्या दिवसापासून तिला तसंच सांगितलंय. मी दुःखी नाही. फक्त अंगाला अजून कुणी सांगितलेलं नाही.

फोटोचं तेवढं बघा. माया असू द्या.
आपली,
क्रांती

❖

थळ
२४ फेब्रुवारी २०२५

प्रिय क्रांती,

तुझं पत्र आईला वाचून दाखवलं. आई म्हणाली, दोन बायांचा बाळंतपण होता, तू एकीचाच केलास, आणि मी म्हातारी पन त्यात सामील झाले. मग ती उठून आपली पिशवी भरायला लागली.

मला आता खरं लिहू दे. ऑक्टोबरात तुला गंमत केली असं लिहिलं होतं, ती गंमत नव्हती. तू तिच्याशी बोलतेस हे वाचलं त्या दिवसापासून मला भीती बसली होती. तू तिला एकदा छातीशी धरलंस की ती माझी होणार नाही, असं मला वाटायचं. म्हणून मी बाटल्या मांडून बसले होते, म्हणून तिसऱ्याच दिवशी तिला उचलून आणलं. दवाखान्यातल्या नर्सने विचारलं होतं, आईचं पहिलं दूध पाजायचं का, आणि तुला न विचारताच मी नको म्हणाले. रोजचे फोटो तुला बरं वाटावं म्हणून पाठवत होते, आणि थोडं, ती माझ्याकडे आहे हे तुला दिसावं म्हणूनही. तू आपली खोली बांधायची राहू दिलीस आणि मी तुला घोटभर दुधाचा हिशेब दाखवला. माझी मला लाज वाटते.

डॉक्टरबाईंना फोन केला. त्या म्हणाल्या, तिची इच्छा असेल तर काहीच हरकत नाही, बाळाला चांगलंच आहे. तेव्हा इच्छा आहे का, एवढंच तुला विचारते. असेल तर तूच पाज, जितके दिवस येईल तितके दिवस, मी शेजारी बसेन. नसेल तर मी तिला पलीकडच्या खोलीत ठेवीन, आणि तुझं अंग शांत होईतो ती तुझ्या नजरेला पडणार नाही. तू सांगशील तसं.

मी रजा वाढवून घेतलीय. उद्या पहाटे आम्ही चौघं निघतो, आई, सुजित, मी आणि ती. हे पत्र मागाहून येईल, तोवर तिला पलीकडच्या खोलीतच ठेवीन, पण हे तोंडाने बोलायला गेले असते तर मी पुन्हा चहाच करत बसले असते, म्हणून लिहून काढलं. सव्वा महिना पुरा होईपर्यंत तू डाकघरात बसणार नाहीस, सदाशी माझं बोलणं झालंय. डिंक, खोबरं, अळीव, शेकाची शेगडी, सगळं गाडीत भरलंय. याला कायदा काही म्हणत नाही, आणि म्हणाला तरी मी ऐकणार नाही.

आल्यावर आधी तुला न्हाऊ घालणार आहे, मग तिला. तू पाणीसुद्धा तापवू नकोस.

तुझीच,
नूतन